चौघांचा क्रम

प्रुइट मॅडमच्या वर्गात रेट होल्मक्विस्टचं नाव उदाहरण म्हणून घेतलं जायचं, आणि रेटला त्यात काही वावगं वाटत नसे. नेब्रास्कातल्या त्या शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या सगळ्यांना हा वर्ग सक्तीचा होता. नोकरीच्या बाजारात उतरण्याआधी स्वतःचा ब्रँड उभा करायचा, म्हणजे एक चांगला फोटो, एक घोषवाक्य, इंटरनेटवर स्वतःचं पान, आणि त्या पानावर दर आठवड्याला काहीतरी झळकवायचं. रेटचं पान खरोखरच बघण्यासारखं होतं. पहाटेचं धुकं, धुक्यात काळ्या अँगस जातीच्या गाई, गाईंपुढे टोपी जराशी तिरकी घातलेला रेट, आणि खाली लिहिलेलं: 'होल्मक्विस्ट, चौथी पिढी'. एका कंपनीने त्याला फुकट टोप्या धाडल्या होत्या. तेव्हापासून हा झोपतानाही टोपी काढत नाही, असं त्याच्या खोलीतली पोरं सांगायची.

चौथी पिढी होती हे खरं. पण होल्मक्विस्टांच्या रँचवर चौथ्या पिढीतल्या एकाचंच पोट भरेल एवढी जमीन होती, आणि ती जागा थोरल्या भावाने केव्हाच धरली होती. घरात हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. फक्त नवं कुंपण कुठे घालायचं याची चर्चा वडील आणि भाऊ करायचे, आणि रेट शेजारी बसून केक खायचा. गुरांमध्ये राहायचं असेल तर बाहेर नोकरी शोधणं भाग होतं, नाहीतर ओमाहाच्या एखाद्या ऑफिसात विमा विकत बसायची पाळी. त्याचा सगळा जीव एका जागेवर अडकला होता. हॅरगन बीफ ही मांसाची कंपनी दर वसंतात एकाच विद्यार्थ्याला गुरं खरेदी करायला शिकायला घ्यायची. ती उमेदवारी मिळाली की जन्माची सोय झाली, असं त्या भागात सगळे मानत.

त्या जागेवर डोळा असलेलं आणखी एक माणूस कॉलेजच्या जनावरं पारखणाऱ्या संघात रेटबरोबरच होतं. डेल्फीना इश्कॉय. सगळे फीना म्हणत. तिचे आईवडील ग्वाटेमालाहून येऊन मांसाच्या कारखान्यात सुरी चालवायला लागलेले. घरी गाय सोडा, अंगणही नव्हतं. पहिल्या वर्षी ती कोच कुचेरांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, मला जनावरं पारखायला शिकायचंय. कोचना वाटलं, चार दिवसांत पळेल. ती पळाली नाहीच, उलट तिसऱ्या वर्षी संघातले सगळे तिच्याकडे बघून आपापला क्रम मनातल्या मनात तपासायला लागले.

पारख म्हणजे चार जनावरं पुढ्यात येतात. पंधराएक मिनिटं बघायचं, पहिलं ते चौथं असा क्रम लावायचा, आणि कार्ड देऊन टाकायचं. एकदा दिलेलं कार्ड बदलता येत नाही. मग एका खोलीत परीक्षकासमोर ताठ उभं राहून, हातात कागद न घेता, दोन मिनिटांत आपल्या क्रमाची कारणं सांगायची. त्यातही एक शिस्त असते. खाली ठेवलेल्या जनावरात जे चांगलं असेल आणि वर ठेवलेल्यात जे उणं असेल, ते आपणहून मान्य करायचं. जो मान्य करत नाही तो पारखी नव्हे, दलाल, असं कोच म्हणत, आणि तो शब्द ते थुंकल्यासारखा टाकत.

फीनाचं पान बघून मात्र प्रुइट मॅडमनी कपाळाला हात लावला होता. तिचा स्वतःचा एकही फोटो नाही. घोषवाक्य नाही. दर आठवड्याला चार जनावरांचा फोटो, तिचा क्रम, तिची कारणं. आणि तीच जनावरं काही दिवसांनी कॉलेजच्या कत्तलखान्यात गेली की खाली निकाल: 'मी दुसऱ्याला पहिलं लावलं. चुकले. मला जी चरबी वाटली ती नुसती केसांची झूल होती.' चुका लपवू नकोस, पण मिरवूही नकोस, असं मॅडमनी तिला भर वर्गात समजावलं. फीनाने शांतपणे विचारलं, की चुकलेलं काढून टाकलं तर बरोबर आलेलं तरी कोण खरं मानेल. वर्ग हसला. रेटही हसला. पोरीला धंदा कळत नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

आणि मग तिने एक भलतीच चूक केली.

हिवाळ्यात कोच संघाला सरावासाठी आसपासच्या रँचवर नेत. त्या वर्षी ते होल्मक्विस्टांकडे गेले. रेटच्या आईने सगळ्यांना चिली, म्हणजे मांस-राजम्याची तिखट आमटी, आणि सिनॅमन रोल वाढले. वडिलांनी वसंतातल्या लिलावासाठी राखलेले चार वळू वाडग्यात, म्हणजे कठड्याने घेरलेल्या आवारात, सोडले. पोरांनी क्रम लावले, कारणं सांगितली, वडिलांनी कौतुकाने माना डोलावल्या. आता, ज्याच्या घरचं जेवलो त्याच्या वाडग्यात जे बोललो ते वाडग्यातच ठेवायचं, हे त्या मुलखात कुणी कुणाला शिकवत नाही. शेजाऱ्याच्या वळूबद्दल लिलावाआधी चारचौघांत बोलणं म्हणजे त्याच्या ताटात माती कालवणं. रँचवर वाढलेल्या पोराला हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. फीना भाड्याच्या घरात वाढलेली. त्या आठवड्याला तिने नेहमीप्रमाणे चार वळूंचा फोटो टाकला. रँचचं नाव लिहिलं नाही, आपल्या मते तेवढी काळजी पुरे होती. पण वळूंच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांवरचे आकडे स्वच्छ वाचता येत होते, आणि लिलावाची यादी घरोघरी पोचलेली होती.

ज्या वळूवर होल्मक्विस्टांची सगळी मदार होती, तो तिने चौथा लावला होता. खाली लिहिलं होतं: 'मान्य आहे की याच्यासारखी पाठ आणि याच्यासारखं डोकं बाकी तिघांत नाही. पण मागचे खूर कात्रीसारखे एकमेकांवर चढतायत. हे वासरांत उतरतं. उंच गवतात उभा केला तर दिसणार नाही.'

यादीसोबतच्या व्हिडिओत तो वळू नेमका उंच गवतात उभा होता. तो व्हिडिओ रेटने काढला होता.

वडिलांचा फोन आला तेव्हा रेटने तो कानापासून लांब धरला, तरी खोलीतल्या दुसऱ्या पलंगावरच्या पोराला ऐकू गेला. फीनाला कोचनी बोलावून घेतलं आणि असं झापलं की तिचा चेहरा पांढरा पडला. तिने तेव्हाच फोटो काढून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर रेटच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तुमच्या घरी जेवले आणि तुमचं बाहेर बोलले. ते माझं चुकलं, मला माफ कर," ती म्हणाली. "तुझ्या आईलाही फोन केलाय."

"आणि वळूचं?"

"वळूचं काय? खूर आहेत तसेच आहेत ना."

रेटच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हिला माफी मागायचीय की जखमेवर मीठ चोळायचंय, हे त्याला कळेना. शनिवारी तो तरातरा घरी गेला. वळूला बाहेर काढून गोठ्यापुढच्या सिमेंटवर चालवायचं, सरळ पडणाऱ्या पावलांचा व्हिडिओ काढायचा आणि या बाईचं तोंड कायमचं बंद करायचं, असा बेत होता. फोन हातात धरून त्याने वळूला पुढे घातलं. वळू डौलात चालला. रेटने एकदा बघितलं, परत फिरवून आणला, पुन्हा बघितलं. मग फोन खिशात टाकून तो सिमेंटवर उकिडवा बसला. मागच्या डाव्या पायाचा बाहेरचा खूर आतल्यावर चढला होता. उजव्याचाही चढायला लागला होता. दोन वर्षं तो या वळूला रोज बघत होता.

त्या दिवशी घरात काय झालं ते रेटने कुणाला सांगितलं नाही. वडील म्हणाले, लिलावात सगळेच थोडंफार झाकतात. रेट म्हणाला, वळू यादीतून काढा. भाऊ म्हणाला, त्याच्या पैशावर नवं कुंपण व्हायचंय. रेट फाटक अडवून उभा राहिला आणि म्हणाला, हा गाडीत चढणार असेल तर मी लिलावाला येणार नाही, आणि का आलो नाही ते विचारणाऱ्याला सांगेन. वळू यादीतून निघाला आणि मांसाला गेला. वडील रेटशी दोन आठवडे धड बोलले नाहीत. रेटच्या पानावर त्या आठवड्याला सूर्योदयाचा फोटो आला.

मार्चअखेरीस हॅरगन बीफने चौघांना बोलावलं. रेट, फीना, आणि कॅन्ससच्या एका कॉलेजची दोघं, एक दाढीवाला मुलगा आणि एक उंच, हसरी मुलगी. रेटकडे पिकअप होती आणि फीनाकडे काहीच नव्हतं, म्हणून कोचनी दोघांना एकत्र धाडलं. दोन तासांच्या रस्त्यात दोघं हवा, पेट्रोल आणि वाटेत लागलेल्या हरणापलीकडे काही बोलले नाहीत.

मुलाखत घेणाऱ्या नॉर्मा स्टेबिन्स बाई हॅरगनच्या मुख्य खरेदीदार होत्या. साठीच्या, ठेंगण्या, अंगात चिखलाने माखलेला कोट. त्यांनी कुणाचंही पान उघडून बघितलेलं दिसत नव्हतं. सकाळभर त्यांनी चौघांना वाडग्या-वाडग्यांतून फिरवलं, वजनं ओळखायला लावली, भाव सांगायला लावले, एकमेकांशी वाद घालायला लावलं. रेटचे अंदाज सगळ्यांत सरस आले. त्याचं त्यालाच कळत होतं, आणि बाईंच्याही लक्षात आलं असावं. दुपारी सँडविचं खाऊन झाल्यावर त्यांनी चौघांना रिकाम्या वाडग्याच्या कठड्याला ओळीने उभं केलं आणि खडूने प्रत्येकाच्या मागच्या फळीवर आकडा लिहिला. रेट एक, दाढीवाला दोन, उंच मुलगी तीन, फीना चार.

"आता हा वर्ग लावा," त्या म्हणाल्या. "हे चौघं. स्वतःला धरून. कार्ड लिहून माझ्याकडे द्या, मग एकेक जण कारणं सांगा. सगळ्यांसमोर."

दाढीवाल्याने विचारलं, की एकमेकांच्या तोंडावर सांगायचं का. बाई म्हणाल्या, की गुरांच्या तोंडावर सांगताना तर कुणी लाजत नाही.

बोलण्याची रेटला सवय होती. त्याने एक-तीन-दोन-चार असं लिहिलं. आणि पहिला नंबर त्याचाच असल्यामुळे पहिली कारणंही त्यालाच सांगावी लागली. आवाज खणखणीत लागला. स्वतःबद्दल त्याने चौथी पिढी सांगितली, लहानपणापासूनचा अनुभव सांगितला, सकाळचे अंदाज सांगितले. दोघांबद्दल बरंवाईट बोलला. शेवटी फीनाकडे न बघता म्हणाला, की चौथीला जनावर कळतं हे मान्य आहे, पण तिच्यामागे ना जमीन ना नाव, आणि जी स्वतःच्या चुका जगाला सांगत सुटते आणि दुसऱ्यांच्याही सांगते, तिला कुठला रँचवाला आपल्या वाडग्यात पाय ठेवू देईल? दोन मिनिटांत बरोब्बर संपवलं. प्रुइट मॅडमनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. रेटला मात्र तोंडात कडवट चव आली. जाऊ दे, नोकरी एकच आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

दाढीवाल्याने स्वतःला पहिलं लावलं. उंच मुलीनेही. मग फीना पुढे झाली, पाय जुळवले, हात मागे बांधले.

"मी हा वर्ग एक-चार-तीन-दोन असा लावला," ती म्हणाली.

रेटला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"एक पहिला. मान्य आहे की हा बोलतो तेव्हा कुणीतरी फोटो काढतंय असं वाटतं. मान्य आहे की माझ्याबद्दल आत्ता तो जे बोलला त्यातलं निम्मं चुकीचं होतं. पण सकाळी त्याने जी वजनं सांगितली ती तुम्ही ऐकलीत. आणि एक गोष्ट त्याने तुम्हाला सांगितली नाही, त्याच्या पानावरही नाही. त्याच्या घरचा सगळ्यांत महाग वळूला मी नावं ठेवून मोकळी झाले, आणि ते सांगायची माझी पद्धत वाईट होती. हा मला खोटं पाडायला घरी गेला. वळूला सिमेंटवर चालवलं, आणि मी बरोबर आहे हे दिसल्यावर वडिलांशी भांडून तो विक्रीतून काढला. मला हे कोचनी सांगितलं, कारण त्याच्या वडिलांनी कोचना फोन करून शिव्या दिल्या. स्वतःच्या रागाच्या विरुद्ध, स्वतःच्या घरच्या फायद्याच्या विरुद्ध ज्याला दिसतं, त्याच्या नजरेवर पैसे लावता येतात. म्हणून तो पहिला. दुसरी मी."

स्वतःबद्दल ती थोडकंच बोलली. आपल्याला रँचवरची रीतभात कळत नाही हे तिने मान्य केलं, वजनाचा अंदाज रेटपेक्षा कच्चा आहे हे मान्य केलं. आपल्याला जनावर कातड्याच्या आतून दिसतं, हे सांगितलं. उरलेल्या दोघांचे गुण तिने इतके नेमके सांगितले की दाढीवाला, चौथा लावूनही, मान हलवून हो म्हणाला.

रेटची मान खाली गेली होती. कोणी सगळ्यांसमोर एक थोबाडीत ठेवून दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. वर्षभर तो आपलं नाव उजळत बसला होता, आणि त्यातली एकुलती एक अभिमानाची गोष्ट त्याने कुलूप लावून ठेवली होती. ती या मुलीने उघड्यावर आणून ठेवली, तेही त्याने तिला चौथं लावलेलं ऐकल्यानंतर. आपल्याच्याने हे झालं नसतं, एवढं त्याला स्पष्ट कळलं.

"मॅडम," तो म्हणाला, "मला काही बोलायचंय."

"कार्ड दिल्यावर बदलता येत नाही, पोरा."

"बदलत नाहीये. माझा क्रम चुकलाय, एवढंच सांगतोय. तो वळू मी दोन वर्षं बघत होतो आणि मला त्याचा दोष दिसला नव्हता. हिला पंधरा मिनिटांत दिसला. आणि आमच्या फाटकातून हिला आत घेणार का, तर आता घेऊ."

स्टेबिन्स बाईंनी चारही कार्डं कोटाच्या खिशात घातली. कठड्याला टेकून त्यांनी बराच वेळ बूट खरवडले. मग रेटकडे वळून म्हणाल्या, "ऐक. माझा माणूस लांब कुठल्या तरी वाडग्यात उभा राहतो आणि फोनवर मला आकडा सांगतो. जनावरं मला दिसत नाहीत. मी नुसत्या आवाजावर पैसे मोजते. ही म्हणतेय तू तिच्यापेक्षा सरस आहेस, आणि माझा तिच्या शब्दावर विश्वास बसलाय. तिथेच तर घोळ आहे. तुझ्या शब्दावर विश्वास बसायला मला तिचा शब्द लागला."

नोकरी त्यांनी फीनाला दिली. रेटशी हात मिळवताना म्हणाल्या, की पुढच्या वर्षी ये, आणि येताना स्वतःबद्दल स्वतः सांग.

परतीच्या वाटेवर फीना खिडकीबाहेर बघत होती, आनंद झालेला लपवायचा प्रयत्न करत होती, आणि तो लपत नव्हता. रेटला आश्चर्य वाटलं ते स्वतःचं. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. पण त्या धोंड्याखाली राग सापडत नव्हता. शोधूनही सापडला नाही.

"मी तुला चौथी लावल्यावर," त्याने शेवटी विचारलं, "मला खाली ढकलावंसं नाही वाटलं?"

"कार्ड तर आधीच दिलं होतं. पण कारणं सांगताना तुझी धूळधाण करावीशी वाटली ना," फीना म्हणाली. "खूप वाटली. मनात सुरुवातही केली होती. पण तुझ्यातलं चांगलं आधी मान्य करून मग तुला वाईट ठरवायला दोन मिनिटं पुरली नसती."

रेट हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, म्हणून त्याने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली. मग तिथूनच घरी फोन लावला. नोकरी मिळाली नाही, असं त्याने वडिलांना सांगितलं. आणि जिला मिळाली तिलाच मिळायला हवी होती, हेही सांगितलं.

"तीच का?" त्यांनी विचारलं. "वळूवाली?"

रेटने शेजारी बघितलं.

"तीच," तो म्हणाला.